छोट्या सिनेमा कॅमेऱ्यासाठी मॉनिटर आणि बाकीचं सामान कसं निवडायचं

छोटा सिनेमा कॅमेरा घेतला की पहिल्यांदा मन जातं ते दिसणाऱ्या वस्तूंकडे, म्हणजे केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट), मोठं हँडल, मॅट बॉक्स (लेन्सपुढे नको तो प्रकाश अडवणारा डबा), फॉलो फोकस (लेन्सची फोकस रिंग फिरवायचं चाक), सगळं लावलं की कॅमेरा एकदम भारी दिसतो आणि क्लायंटसमोर बरं पण वाटतं. पण शूट अडतं ते या वस्तू नाहीत म्हणून नाही. शूट अडतं बॅटरी संपली, एचडीएमआय केबल ढिली झाली, कार्ड भरलं, किंवा उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना म्हणून. त्यामुळे माझं सरळ मत आहे की खरेदीचा क्रम त्यावरूनच ठरवायचा. जी गोष्ट नसेल तर शूट थांबतं ती आधी, जी असली तर काम सोपं होतं ती नंतर, आणि जी फक्त शोभेची आहे ती घेतली नाही तरी चालतं.

आणि अजून एक, आपला कॅमेरा नक्की कुठे कमी पडतोय ते आधी बघा. प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के ला ५ इंची छान स्क्रीन आहे पण ती हलत नाही, आणि आतली एलपी-ई६ बॅटरी धड तासभर पण टिकत नाही, म्हणजे तिथे मॉनिटरच्या आधी पॉवर. झी-कॅम ई२ किंवा पॅनासॉनिक बीजीएच१ सारख्या डबा कॅमेऱ्यांना चित्र दाखवणारी स्क्रीनच नाही, तिथे मॉनिटर पहिल्या दिवसापासून लागणारच. सोनी एफएक्स३ च्या बॉडीवरच पाव इंची स्क्रूचे आटे दिलेत, त्यामुळे पूर्ण केज न घेता पण बऱ्याच जणांचं भागतं. रेड कोमोडोला एचडीएमआयच नाही, फक्त एसडीआय (चित्र बाहेर काढायचं वेगळ्या, व्यावसायिक प्रकारचं पोर्ट), म्हणजे स्वस्तातला एचडीएमआय मॉनिटर घेऊन आलात तर मध्ये कन्व्हर्टर लागणार, आणि कन्व्हर्टर म्हणजे अजून एक बॅटरी, अजून एक केबल, बिघडायला अजून एक जागा. म्हणून कॅमेऱ्यावर कुठलं पोर्ट आहे ते बघितल्याशिवाय मॉनिटर बघायला सुरुवात पण करू नका.

पॉवर

इथे गणित करावंच लागतं पण सोपं आहे. प्रत्येक वस्तू किती वॉट खाते ते बघा, सगळ्यांची बेरीज करा, आणि बॅटरीवर जे वॉट-अवर लिहिलेले असतात त्याला त्या बेरजेने भागा. समजा कॅमेरा २० वॉट, मॉनिटर १२, वायरलेस ट्रान्समीटर ८, झाले ४०. बॅटरी ९८ वॉट-अवरची असेल तर कागदावर जवळपास अडीच तास मिळतात, पण बॅटरी जुनी होते, थंडीत कमी चालते, आणि शेवटच्या टक्क्यांवर कोणी शूट करत नाही, म्हणून दोन तास धरा. दिवसाचे दहा तास शूट असेल तर किती बॅटऱ्या लागतील ते आता तुम्हीच काढा, आणि चार्जर एका वेळी किती चार्ज करतो तेही त्यात धरा, कारण चार बॅटऱ्या आणि एकच खाचेचा चार्जर असेल तर त्या रात्री कोणाला झोप नाही.

९८ चाच आकडा सगळीकडे का दिसतो तर विमानामुळे. १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी केबिन बॅगेत साधारणपणे वेगळी परवानगी न घेता नेता येते, १०० ते १६० मध्ये असेल तर एअरलाइनची परवानगी लागते आणि जास्तीच्या दोनच नेता येतात, आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीतच. प्रवास करून शूट करणार असाल तर एका मोठ्या बॅटरीपेक्षा ९८ च्या दोन कधीही चांगल्या.

व्ही-माउंट (रिगच्या मागे प्लेटवर बसणारी मोठी बॅटरी) घ्यायची की एनपी-एफ, हा प्रश्न सगळेच विचारतात. एनपी-एफ म्हणजे ७.२ व्होल्टची, हलकी, सगळीकडे मिळणारी, बहुतेक छोट्या मॉनिटरच्या मागे थेट बसणारी. मोठी एफ९७० साधारण ४७ वॉट-अवरची असते म्हणजे १२ वॉटचा मॉनिटर तिच्यावर साडेतीन तास आरामात चालतो. छोट्या एफ५५० वर तोच मॉनिटर तासाभरात मान टाकतो. फक्त मॉनिटरच चालवायचा असेल तर एनपी-एफ पुरे. पण कॅमेरा, मॉनिटर, अजून दोन वस्तू एकाच जागेवरून चालवायच्या असतील तर मागे एक छोटी व्ही-माउंट लावा, म्हणजे बदलताना एकच बदलायची आणि खांद्यावर रिग (म्हणजे सगळं सामान लावलेला कॅमेरा) घेतलं तर मागचं वजन पुढच्या लेन्सला तोलतं पण.

व्ही-माउंटच्या डी-टॅपबद्दल, म्हणजे बाकी वस्तूंना पॉवर द्यायच्या तिच्यावरच्या पोर्टबद्दल, मात्र नीट लक्ष द्या. डी-टॅपमधून येणारं व्होल्टेज स्थिर नसतं, बॅटरी फुल असताना १६.८ पर्यंत जातं आणि नंतर खाली येत राहतं. तुमच्या मॉनिटरवर इनपुट ७ ते १७ किंवा ७ ते २४ व्होल्ट असं काही लिहिलेलं असेल तर ठीक, पण नुसतं १२ व्होल्ट लिहिलं असेल तर मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असलेलीच केबल घ्या. डमी बॅटरी (कॅमेऱ्यात बॅटरीच्या जागी बसून बाहेरून पॉवर आणणारा ठोकळा) घेताना पण तेच, आत रेग्युलेटर आहे की नुसती वायर ओढून बाहेर काढली आहे ते विचारा. आणि स्वस्त डी-टॅप प्लग जोर लावला तर उलटा पण घुसतो, तसा घुसला की पुढची वस्तू गेलीच समजा.

केबल आणि पोर्ट

यावर कोणी फार बोलत नाही पण माझ्या मते मॉनिटरपेक्षा जास्त विचार केबलचा करायला पाहिजे. एचडीएमआयचे तीन आकार, पूर्ण, मिनी आणि मायक्रो. पूर्ण आकाराचं पोर्ट त्यातल्या त्यात टिकाऊ, मायक्रो फारच नाजूक, सिग्मा एफपी वर मायक्रोच आहे. आणि हे पोर्ट थेट मुख्य बोर्डावर बसवलेलं असतं, केबलला एक जोरात हिसका बसला की खर्च केबलचा नाही, बोर्डाचा होतो. त्यामुळे केबल क्लॅम्प, म्हणजे प्लग जागेवर धरून ठेवणारी पकड, ही पहिल्या पाच वस्तूंमधली वस्तू आहे. क्लॅम्प तुमच्याच मॉडेलच्या केजसाठी बनवलेला घ्या कारण पोर्टची जागा एक-दोन मिलिमीटर जरी हुकली तरी प्लग तिरका बसतो आणि तिरका बसलेला प्लग न बसलेल्यापेक्षा वाईट, कारण तो नेमका टेक चालू असताना सुटतो.

केबल छोटी आणि मऊ घ्या. कॅमेऱ्यापासून हँडलपर्यंत अंतर वीतभर आणि केबल मीटरभर असेल तर उरलेली केबल कुठेतरी अडकणार हे नक्की. एक कडक आणि जाड केबल बसवली तर मॉनिटर वळवताना ती पोर्टला ढकलत राहते. एकसारख्या दोन केबल घ्या, एक लावलेली, एक बॅगेत.

एसडीआयचं बीएनसी कनेक्टर फिरवून लॉक होतं म्हणून ते हिसक्याने सुटत नाही आणि लांब पण जातं, १०८०पी सिग्नल चांगल्या केबलवर ५० मीटर सुद्धा जातो, जिथे साधी एचडीएमआय केबल ४के ला काही मीटरमध्येच त्रास द्यायला लागते. पण एसडीआयचा एक धोका आहे आणि तो सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. कॅमेरा आणि मॉनिटर एकाच बॅटरीवर असतील आणि पॉवर केबलची ग्राउंड वायर आधी नीट टेकली नाही, तर सगळा करंट परतीसाठी एसडीआय केबलच्या बाहेरच्या जाळीतून जातो आणि कॅमेऱ्याचं एसडीआय पोर्ट जळतं. म्हणून जोडताना पॉवर आधी, एसडीआय नंतर. काढताना एसडीआय आधी, पॉवर नंतर. असिस्टंट नवीन असेल तर त्याला हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि सांगून सोडू नका, एकदा करून घ्या.

आता मॉनिटर

मॉनिटर कशासाठी घेतोय हे मनात स्पष्ट पाहिजे. छोट्या ऑन-कॅमेरा मॉनिटरवर रंग अचूक दिसतात म्हणून घेत असाल तर निराशा होईल. तो घ्यायचा तीन कामांसाठी, फ्रेम नीट दिसावी, फोकस कळावा, आणि एक्सपोजर मोजता यावं. मोजता यावं असं म्हणतोय, डोळ्यांनी ठरवता यावं असं नाही, कारण डोळा हमखास फसतो. अंधाऱ्या खोलीत मॉनिटरचा ब्राइटनेस फुल ठेवला की चित्र इतकं उजळ दिसतं की माणूस लेन्स बंद करत जातो आणि घरी येऊन बघतो तर सगळं अंडर. उन्हात बरोबर उलटं, काही दिसत नाही म्हणून लेन्स उघडत जातो आणि आकाश जळतं. म्हणून ज्या मॉनिटरमध्ये वेव्हफॉर्म (चित्राचा उजेड आकड्यांवर दाखवणारा आलेख) आणि फॉल्स कलर (उजेडाच्या पातळीप्रमाणे चित्राला ठरावीक रंग देणारी सोय) नाही तो कितीही सुंदर असला तरी मी घ्या म्हणणार नाही.

साइझ. ५ इंच की ७ इंच. एकटे शूट करत असाल, गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) वापरत असाल, तर ५. कोणीतरी शेजारी उभं राहून फोकस ओढणार असेल, किंवा कॅमेरा बहुतेक वेळ ट्रायपॉडवर असेल, तर ७. सात इंची मॉनिटर, त्याची बॅटरी आणि त्याचा आर्म मिळून छोट्या कॅमेऱ्याच्या बॉडीच्या वजनाच्या आसपास जातात आणि ते वजन हँडलच्या टोकावर म्हणजे सगळ्यात वाईट जागी बसतं, हे विकत घ्यायच्या आधी हातात धरून बघा.

रिझोल्यूशनमध्ये एक फसवणूक चालते ती सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ एवढाच की तो ४के सिग्नल घेऊ शकतो, आतलं पॅनेल १९२० बाय १०८० किंवा त्याहूनही कमी असतं. त्यात वाईट काही नाही, ५ ते ७ इंचाला १०८० भरपूर झालं. पण १२८० बाय ८०० चं किंवा ८०० बाय ४८० चं पॅनेल ४के म्हणून खपवतात तेव्हा फोकस तपासायची बोंब होते. पॅनेलचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो शोधा.

ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. ३०० ते ५०० निट्स घरात, स्टुडिओत ठीक. बाहेर सावलीत १००० लागतात. थेट उन्हात १५०० च्या वर, २००० असेल तर हुडशिवाय पण चालतं. पॉकेट ६के प्रो ची स्वतःचीच स्क्रीन १५०० निट्सची आहे आणि थोडी वळते पण, त्यामुळे तो कॅमेरा असणाऱ्यांनी बाहेरचा मॉनिटर खरंच हवा का याचा परत एकदा विचार करावा. जास्त निट्स म्हणजे जास्त वॉट, जास्त गरम, आणि बऱ्याच वेळा आत पंखा, आणि शांत खोलीत मुलाखत रेकॉर्ड करताना तो पंखा माइकमध्ये येतो. दुकानात ऐकू येत नाही, म्हणून कानाजवळ धरून ऐका. तुमचं ८० टक्के काम आत असेल तर ५०० निट्सवाला आणि एक चांगला सन हुड हाच शहाणपणाचा सौदा.

टूल्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण खरा फायदा इथेच आहे. लॉगमध्ये, म्हणजे उजेड-अंधारातली जास्त माहिती राखणाऱ्या कमी कॉन्ट्रास्टच्या मोडमध्ये, शूट करताना चित्र फिकट दिसतं, म्हणून मॉनिटरमध्ये लट म्हणजे एलयूटी, चित्राचे रंग आणि कॉन्ट्रास्ट नेहमीसारखे दाखवणारी फाइल, टाकायची सोय पाहिजे, डॉट क्यूब फाइल कार्डवरून लोड होते की नाही ते बघा. आणि एक नेहमीचा घोळ, कॅमेऱ्याच्या आउटपुटवर पण लट चालू आणि मॉनिटरमध्ये पण चालू, मग चित्र काळंकुट्ट आणि भडक दिसतं आणि सगळे लाइट वाढवत बसतात. एकाच ठिकाणी चालू ठेवा. मी म्हणेन कॅमेऱ्यातून साधा लॉगच बाहेर काढा आणि लट मॉनिटरमध्ये लावा, आणि शक्य असेल तर वेव्हफॉर्म लटच्या आधीचा म्हणजे मूळ लॉगचा दाखवणारा मॉनिटर घ्या, कारण रेकॉर्ड तर लॉगच होतंय.

त्या वेव्हफॉर्मवर काय बघायचं? १८ टक्के ग्रे कार्ड (एक्सपोजर तपासायचं राखाडी कार्ड) सोनीच्या एस-लॉग३ मध्ये ४१ च्या आसपास बसतं, पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगमध्ये ४२. म्हणजे लॉगमध्ये मधला राखाडी पन्नासला नसतो आणि पांढरं पण शंभरला नसतं. तुमच्या कॅमेऱ्यात हायलाइट कुठे कापले जातात ते एकदा घरी काढून ठेवा, एका पेटलेल्या बल्बकडे लेन्स करा, अपर्चर उघडत जा, वेव्हफॉर्मचा वरचा भाग ज्या आकड्यावर सपाट होऊन पुढे जाईनासा होतो तो आकडा लिहून घ्या. झेब्रा (ठरवलेल्या आकड्यापर्यंत उजळलेल्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) त्याच्या दोन-तीन खाली लावा. आता शूटवर झेब्रा दिसला की डोकं चालवायला नको, तिथे माहिती जातेय हे ठरलेलं. आयएसओ बदलला किंवा लॉग बदलला तर हा आकडा परत काढायचा.

फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणं, कामाचं आहे पण आंधळा विश्वास नको. ते कडा शोधतं. पापण्या, दाढी, कापडाचा पोत यावर झटकन येतं, आणि गुळगुळीत गालावर येतच नाही. वाइड लेन्सवर तर सगळंच लाल होतं आणि काहीच कळत नाही. लॉगचा कॉन्ट्रास्ट कमी म्हणून काही मॉनिटरमध्ये पीकिंग मंद दिसतं, तेव्हा सेन्सिटिव्हिटी वाढवा. महत्त्वाच्या शॉटला झूम करून डोळ्यावर तपासा, म्हणून झूमसाठी वेगळं बटण देता येतं का ते बघा. बटणावरून आठवलं, फक्त टच असलेला मॉनिटर पावसात, घामाच्या हाताने, ग्लव्ह्ज घालून वैताग देतो. दोन-तीन खरी बटणं असलेला घ्या. अॅनामॉर्फिक लेन्स (चित्र आडवं दाबून टिपणारी) वापरणार असाल तर डी-स्क्वीझ, म्हणजे ते चित्र परत ताणून दाखवायची सोय, आहे का, आणि तुमच्या लेन्सच्या रेशोचं, म्हणजे १.३३, १.५, १.६, २ यातलं नेमकं आहे का, तेही बघा.

डिलेची, म्हणजे चित्र मॉनिटरवर किती उशिरा येतं त्याची, गोष्ट राहिली. हाताने फोकस ओढणाऱ्याला डिले फार जाणवतो. तपासायची सोपी रीत, कॅमेरा एका फोनवरच्या स्टॉपवॉचकडे करा, दुसऱ्या फोनने स्लो मोशनमध्ये ते स्टॉपवॉच आणि मॉनिटर दोन्ही एकाच फ्रेममध्ये शूट करा, मग व्हिडिओ थांबवून दोन आकड्यांमधला फरक वाचा. यात कॅमेऱ्याचा स्वतःचा डिले पण येतो म्हणून तसंच कॅमेऱ्याच्या स्क्रीनचं पण करून वजा करा. वायरलेस घेताना तर हे करूनच घ्या, वायफायवर फोनला चित्र पाठवणारे सेट डायरेक्टरला बघायला चांगले पण फोकस पुलरला त्यावर काम करता येत नाही.

रेकॉर्डर असलेला मॉनिटर, म्हणजे अॅटोमॉस निंजा वगैरे, सगळ्यांना लागतो असं नाही. पॅनासॉनिक जीएच४ च्या काळात कॅमेऱ्यात ८ बिट आणि एचडीएमआयमधून १० बिट (म्हणजे रंगांच्या जास्त छटा) मिळायचं म्हणून लोक रेकॉर्डर घ्यायचे आणि ते बरोबरच होतं. आता कॅमेऱ्यातच १० बिट ४:२:२ होतंय तर बाहेर परत तेच रेकॉर्ड करायचं कारण फक्त रॉ (सेन्सरचा जवळपास मूळ डेटा) हवा असेल, थेट प्रोरेझ (एडिटिंगला सोपा फॉरमॅट) हवं असेल किंवा बॅकअप हवा असेल तरच. नाहीतर त्याच निट्सचा साधा मॉनिटर हलका पडतो आणि बॅटरी कमी खातो.

बाकीचं सामान

एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काच, शोभेच्या यादीत टाकू नका, तो गरजेच्या यादीत आहे. हिशोब बघा, कडक ऊन, आयएसओ ८००, २५ फ्रेम, शटर १/५०, आणि तुम्हाला एफ २.८ वर शूट करायचंय, तर साधारण ९ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कापावे लागतात. कॅनन सी७० किंवा पॉकेट ६के प्रो मध्ये आतच एनडी आहे, एफएक्स३ आणि पॉकेट ४के मध्ये नाही. बाहेरून लावायचा तर व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त गडद होणारा) सोयीचा, पण २ ते ५ स्टॉपवाला या उन्हाला पुरणार नाही, ६ ते ९ वाला वेगळा लागतो, आणि शेवटच्या टोकाला वाइड लेन्सवर मध्ये काळा फुलीसारखा डाग येतो. एनडी गडद व्हायला लागला की काही कॅमेऱ्यांत काळे कपडे तपकिरी-लालसर दिसतात, तो इन्फ्रारेडचा परिणाम, तिथे आयआर कापणारा एनडी घ्या. तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा, ७७ किंवा ८२ मिलिमीटरचा, एकच चांगला फिल्टर घ्या आणि बाकी लेन्सना स्टेप-अप रिंग लावा.

कार्डाच्या बाबतीत वरचा मोठा आकडा वाचू नका, तो वाचायचा वेग असतो. सलग लिहायचा किमान वेग बघायचा, व्ही९० म्हणजे सेकंदाला ९० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०. कॅमेऱ्याचा बिटरेट मेगाबिटमध्ये असतो म्हणून ८ ने भागा, ४०० मेगाबिट म्हणजे ५० मेगाबाइट. पॉकेटसारख्या कॅमेऱ्यात यूएसबी-सी एसएसडीवर थेट रेकॉर्ड होतं ते छानच आहे, पण त्या एसएसडीला धारक आणि केबलला क्लॅम्प हवाच, ती केबल हलली की क्लिप तुटली.

केज घेताना तो लावल्यावर बॅटरीचं दार, कार्डाचं दार आणि स्क्रीन उघडते का एवढं तपासा. मॉनिटरचा आर्म बॉल-हेडवाला असेल तर तो चालताना हळूहळू मान खाली घालतो, त्यापेक्षा घर्षणावर थांबणारा टिल्ट माउंट आणि दोन्ही टोकांना फिरू न देणाऱ्या पिना असलेला घ्या. पाव इंची स्क्रू जास्त लांब नको, आट्यांच्या तळाला टेकला तर बॉडीला आतून ढकलतो. पुढेमागे फॉलो फोकस किंवा मॅट बॉक्स लागणार असेल तर १५ मिलिमीटर रॉडचा बेसप्लेट घ्या, त्यात दोन रॉडमधलं अंतर ६० मिलिमीटर ठरलेलं असतं म्हणून कुठल्याही कंपनीचं सामान बसतं. लेन्सला फोकस गिअर लावणार असाल तर तो ०.८ मॉड (गिअरच्या दात्यांचं माप) चाच, बाकीचं सगळं त्यालाच जुळतं.

सगळं आलं की शूटच्या आदल्या दिवशी पूर्ण रिग बांधा, जसं वापरणार तसं, आणि रेकॉर्ड दाबून पहिली बॅटरी मरेपर्यंत चालू ठेवा. किती वेळ चाललं ते त्या बॅटरीवर चिकटपट्टी लावून लिहा. मध्येच मॉनिटर वर-खाली वळवा, प्रत्येक केबल बोटाने हलवा, हँडल धरून दोन मजले चढून या. ज्या केबलने चित्र लुकलुकलं तिला तिथेच गाठ मारा आणि बाजूला काढा, म्हणजे ती चुकून परत बॅगेत जाणार नाही.